मेरीबाईंनी हुद्दा कसा मिळवला

काम तेच, कष्ट तेच. पण एकाला पगार जास्त आणि दुसऱ्याला कमी. असे का होते? पुष्कळदा ते हुद्द्याच्या नावामुळे होते. बिगारी म्हणून नाव लागले तर एक मजुरी, मिस्त्री म्हणून लागले तर दुसरी. मग मिस्त्री म्हणून नाव लागायचे कसे? त्यातून ती बाई असली, आणि लोक ज्यांना खालचे मानतात त्यांच्यातली असली, तर? याची एक खरी हकीकत आम्ही सांगणार आहोत. ती अमेरिकेतली आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तिथे हॅम्प्टन गावी लँग्ली ही सरकारी प्रयोगशाळा आहे. विमान कसे उडते, वारा त्याला कसा अडवतो, याचा शोध तिथे घेत. त्याला हिशेब फार लागत. आज हिशेब करणाऱ्या यंत्राला आपण कॉम्प्युटर म्हणतो. त्या काळी हे हिशेब माणसेच करीत, आणि त्या माणसांनाच कॉम्प्युटर म्हणत! त्यांत बहुतेक बायाच होत्या.

१९४१ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, की लढाईच्या कारखान्यांत आणि सरकारी कामात रंग पाहून माणसाला नाकारू नये. हा हुकूम आपखुशीने निघाला नाही बरे का! फिलिप रँडॉल्फ या काळ्या कामगार पुढाऱ्याने राजधानीवर मोर्चा नेण्याची तयारी केली होती. पुढे १९४३ पासून लँग्लीत काळ्या बायांना हिशेबाचे काम मिळू लागले. पण त्यांची बसायची खोली वेगळी, जेवायचे टेबल वेगळे, संडास वेगळा. वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मेरी जॅक्सन या हॅम्प्टनच्याच. जन्म १९२१ सालचा. गणित आणि विज्ञान घेऊन त्या १९४२ साली पदवीधर झाल्या. तरी नोकऱ्या कसल्या मिळाल्या? थोडे दिवस मास्तरीण, मग हिशेबनीस, मग कारकून. १९५१ साली त्या लँग्लीत हिशेबाला लागल्या.

एकदा त्यांना दुसऱ्या इमारतीत काम दिले. संडास कुठे आहे, असे त्यांनी तिथल्या गोऱ्या बायांना विचारले. त्या हसल्या. तुमचा संडास आम्हांला कसा ठाऊक असणार, असे त्यांचे म्हणणे. मेरीबाईंना भारी संताप आला. चार्नेत्स्की नावाचे एक इंजिनियर भेटले, त्यांच्याजवळ त्यांनी मन मोकळे केले. त्या गृहस्थांनी त्यांना आपल्याच हाताखाली काम दिले.

हे काम वाऱ्याच्या बोगद्यात होते. बोगद्यात विमानाचा लहान नमुना ठेवायचा आणि त्यावर जोराचा वारा सोडायचा. वाऱ्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट! यंत्र ६०,००० हॉर्सपॉवरचे. विहिरीवरचा पंप ५ हॉर्सपॉवरचा धरला, तर असे १२,००० पंप एकदम चालू केल्यासारखे झाले.

चार्नेत्स्की म्हणाले, तुम्ही इंजिनियर व्हा. पण त्यासाठी वरच्या दर्जाचे गणित आणि विज्ञान शिकायला हवे. त्याचे रात्रीचे वर्ग हॅम्प्टन हायस्कुलात भरत, आणि ती शाळा फक्त गोऱ्यांची. मेरीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला, खास परवानगी मागितली आणि ती मिळवली. शाळेत पाऊल टाकून पाहतात तो काय, इमारत जुनाट, मोडकळीला आलेली! आमचा जन्म शाळेत गेला, म्हणून आम्हांला हे वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. दार बंद ठेवण्याचा थाट केवढा, आणि आत पाहावे तर हे!

दिवसा नोकरी, रात्री वर्ग, घरी मूल. १९५८ साली त्या इंजिनियर झाल्या. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री इंजिनियर. त्याच साली संस्थेचे नाव नासा झाले आणि वेगळ्या खोल्यांची पद्धत मोडली.

यापुढची गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. पुढे त्यांची बढती अडली. वर्षामागून वर्षे गेली, वरची जागा मिळेना. आपल्यासारख्या हुशार बाया मागे का राहतात, याचा त्यांनी तपास केला. कुणाचे एकदोन विषय शिकायचे राहिले होते, एवढ्यावर घोडे अडले होते. कुणाची नेमणूकच आडबाजूला होती. कुणाला नाव होईल असे काम कधी दिलेच जात नव्हते. आणि काहींच्या डोक्यावर नुसते न दिसणारे छप्पर होते. दोष त्यांचा काहीच नव्हता. पहिल्या अडचणीला अभ्यास हा उपाय आहे. बाकीच्यांना नाही. तिथे साहेबाला जाब विचारणारे कुणीतरी कचेरीत बसावे लागते.

म्हणून १९७९ साली मेरीबाईंनी आपण होऊन इंजिनियरची जागा सोडली आणि खालच्या दर्जाची जागा पत्करली. स्त्रियांच्या नेमणुका आणि बढत्या पाहण्याचे ते काम होते. गणिती म्हणून लागलेल्या बाईने कोणते विषय शिकले म्हणजे तिला इंजिनियरचा हुद्दा मागता येईल, हे त्या समजावून सांगत. १९८५ साली त्या निवृत्त झाल्या. लँग्लीत नव्याने आलेल्या पोरापोरींना गावात ओळखदेख नसे. त्यांच्यासाठी मेरीबाई आणि त्यांचे यजमान लेव्ही यांच्या घराचे दार सदा उघडे असे.