हंडा, लाटणे आणि विधानसभा

आमच्या नेरळला पावसाळ्यात पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. पण एप्रिल उजाडला की माथेरानच्या त्याच डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायका रिकामे हंडे घेऊन पाणी शोधत हिंडतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला नळही रुसला. आम्ही पाच-सहा जणी बादल्या ठेवून रोज सकाळी कुरकुरत उभ्या! "आमच्या ह्यांना सांगते, ते भेटतील कुणाला तरी," असं प्रत्येकीचं म्हणणं. आता 'हे' सकाळची लोकल गाठणार, रात्री आठला घरी येणार. भेटणार कधी?

शेजारच्या आजींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, पाणी भरायचं तुम्ही आणि सांगायला जायचं त्यांनी? मृणालताई असत्या ना, तर तुम्हालाच पुढे घातलं असतं."

आजींचं अर्धं आयुष्य गोरेगावात गेलं. त्या मृणाल गोरे यांच्याविषयी बोलत होत्या. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यांनी आमदार म्हणून नेमकं काय केलं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. समाजवादी चळवळीच्या ओढीने त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ साली केशव गोरे या सहकाऱ्याशी लग्न केलं आणि गोरेगावात संसार मांडला. दहाच वर्षांनी, १९५८ साली, पती गेले. पदरात लहान मुलगी. अशा वेळी एखादी बाई घरात मिटून बसली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. पण १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. झोपड्यांतल्या बायकांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी मोर्चे नेले, अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. याहून मानाची पदवी कुठली असेल?

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. ते दुष्काळाचं वर्ष. धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळंच महागलेलं. अहिल्या रांगणेकर, कमल देसाई, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी महागाईविरुद्ध आघाडी उघडली. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. आजी त्यांतल्याच एक. "भाजी चिरून ठेवली, पोरांना सासूबाईंपाशी सोडलं आणि निघाले," असं त्या अजून सांगतात.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत राहिल्या, पुढे त्यांना तुरुंगवास घडला. १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा मंत्रिपद चालून आलं होतं. ते त्यांनी नाकारलं.

मला मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते १९८५ नंतरचं. त्या पुन्हा विधानसभेत आल्या होत्या. तेव्हा गर्भजल तपासून, मुलगी असेल तर गर्भ पाडून टाकण्याचा धंदा उघड चालत असे. डॉक्टर आणि स्त्री संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मृणालताईंनी तो प्रश्न अशासकीय विधेयकाच्या रूपाने सभागृहात नेला. त्या विरोधी बाकांवरच्या. पण सरकारला या प्रश्नाची दखल घ्यावीच लागली. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. साऱ्या देशासाठी कायदा झाला तो १९९४ साली.

मी घरातली तिसरी मुलगी. माझा जन्म त्या कायद्यानंतरचा. आई सांगते, त्या वेळी "एकदा तपासून घे गं" असं सुचवणारी माणसं घरातच होती. "तो गुन्हा आहे," एवढं एकच वाक्य तिने धरून ठेवलं. स्वतःची इच्छा सांगितली असती, तर तिचं कुणी ऐकलं असतं का, कोण जाणे! कायद्याने मुलाची हाव संपली नाही, चोरून तपासण्याही थांबल्या नाहीत. पण माझ्या आईच्या हातात एक आधार आला.

मृणालताई २०१२ साली गेल्या. त्यांच्या कारकिर्दीतून मी एक गोष्ट घेतली. हंडा, रॉकेल, कूस ही 'घरातली रडगाणी' नव्हेत. नीट मांडली, तर ती सभागृहापर्यंत जातात.

आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. आपण जातो का? मीही जात नव्हते.

त्या दिवशी मात्र आम्ही सहा जणींनी अर्ज लिहिला. पाणी किती दिवस नाही, किती घरांना नाही, सगळं तारखेनिशी. सगळ्यांनी सह्या केल्या, अर्जाची एक प्रत जवळ ठेवली आणि तिच्यावर पोच घेतल्याशिवाय हललो नाही. लगेच पाणी आलं असं नाही. पण पाचव्या दिवशी माणूस आला आणि त्याने कुठे बिघडलंय ते शोधून काढलं.

बादली भरली तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता ती पोच फेकून देऊ नका गं. पुढच्या उन्हाळ्यात लागेल."