१०८ ची ‘बेसिक’ गाडी आली तर घाबरायचं का?

वर्तकनगरमध्ये कुणाच्या छातीत दुखलं की १०८ ला फोन जातो आणि घरचे विचारतात, “कार्डिॲकच येणार ना?” साधी गाडी दिसली की चेहरे पडतात.

फरक काय?
राज्यात २०१४ मध्ये ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी उभी राहिली : २३३ ॲडव्हान्स्ड (एएलएस), ७०४ बेसिक (बीएलएस). एएलएसमध्ये व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर असतो. बीएलएसमध्ये ऑक्सिजन, स्ट्रेचर, प्रथमोपचार. डॉक्टर मात्र दोन्हींत असतो.

खटका कुठे उडतो?
थांबायचं की निघायचं, यावर. प्रगत पथकाकडे जागेवर करण्यासारखं जास्त असतं, बेसिक पथकाला रुग्णालय गाठायची घाई असते. दोघांचंही बरोबर असू शकतं. पोटात रक्तस्राव होत असेल तर तो रस्त्यावर थांबत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय लवकर गाठणंच महत्त्वाचं. श्वासच बंद पडत असेल तर व्हेंटिलेटर हवा.

मोठी गाडी म्हणजे हमखास जीव वाचतो?
नाही. कॅनडातल्या ओंटारिओमधला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झटपट शॉक देण्याची सोय आधीच असलेल्या ठिकाणी प्रगत पथक जोडूनही हृदय बंद पडलेल्यांचं वाचण्याचं प्रमाण वाढलं नाही. जीव वाचतो तो पहिल्या मिनिटांतल्या सीपीआर आणि शॉकने.

म्हणून आधी पोचलेल्या पथकाने रुग्ण कधी कोसळला, सीपीआर किती वेळ दिला, औषध कोणतं दिलं, हे दुसऱ्या पथकाला नेमकं सांगणं हेच खरं टीमवर्क.

तुम्ही काय कराल?
फोनवर आधी सांगा : रुग्ण शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. कोणती गाडी पाठवायची, ते ठरवायला त्याची मदत होते.