पाइपाची नळी पिवळी का पडते?

जुन्या मालाचा धंदा करणारे आपले अनेक व्यापारी बांधव इतर वस्तूंबरोबर तंबाखूचे विलायती पाइपही ठेवतात. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या दुकानांतून, असे पाइप घड्याळे आणि पितळी सामानाच्या शेजारी दिसतात. घेणारा बहुधा शौकीन संग्राहक असतो आणि तो लाकूड पाहण्याआधी नळी पाहतो. काळी कुळकुळीत नळी असेल तर तो भाव विचारतो. हिरवट-पिवळी, खरखरीत असेल तर तोच पाइप निम्म्या किमतीत मागतो. (तंबाखू ओढण्याची ही भलामण नव्हे, तिचे नुकसान सर्वांना ठाऊक आहे. येथे प्रश्न मालाच्या हिफाजतीचा आहे.)

नळीचा हा ऐब म्हणजे मळ नव्हे, हे प्रथम समजून घ्यावे. जुन्या पाइपांची काळी नळी बहुधा एबोनाइटची असते. तिलाच व्हल्कनाइट म्हणतात. हे रबरच होय. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट 1844 साली घेतले आणि त्याचा भाऊ नेल्सन याने 1851 साली कडक रबराचे. सायकलच्या ट्यूबमध्ये गंधक अगदी थोडे असते, एबोनाइटमध्ये मात्र शेकडा 25 ते 40 भागांपर्यंत. उजेड, हवा आणि ओल यांची गाठ पडली की पृष्ठभागावरचे रबर आणि गंधक बदलू लागते. प्रथम तपकिरी झाक येते, मग हिरवट पिवळेपणा, आणि जिभेला कडवट चव.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. दर्शनी काचेत लावलेल्या थानाची घडी उन्हाने उडते म्हणून आपण ते बदलत राहतो. पाइप मात्र वर्षानुवर्षे त्याच काचेत उन्हाला पडून असतात. तेव्हा पहिला इलाज फुकटचा आहे : पाइप कपाटात, कोरड्या जागी, सुती कापडाच्या पिशवीत ठेवावेत. काचेत ठेवायचेच तर दोन-चार, तेही ऊन येणार नाही अशा बाजूस. आणखी एक सांगतो. खरी जर काळी पडते ती गंधकानेच. म्हणून एबोनाइटचा माल आणि चांदीचा किंवा जरीचा माल एका पेटीत कोंडू नये, चांदी काळवंडते.

दुसरा शत्रू पाणी, त्यातही गरम पाणी. नळी स्वच्छ व्हावी म्हणून काही कारागीर ती उकळत्या पाण्यात टाकतात. त्याने नळी तपकिरी होते, मऊ पडते आणि वाकवलेली असेल तर सरळ होऊ लागते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी, एवढे पुरे. वापरणाऱ्या गिऱ्हाइकालाही हेच सांगावे, कारण तोंडाची लाळ तशीच सुकू दिली की रंग तेथूनच जाऊ लागतो.

रंग गेलेलाच असेल तर पॉलिश पेपरला पर्याय नाही. पाणी लावून 600 नंबरने सुरुवात करावी, मग 1000, मग 2000, आणि शेवटी बफ. पिवळा थर फार जाड असेल तरच 400 घ्यावा. घाई येथेच नडते. बफवर नळी दाबून धरली की उष्णतेने ती भाजते आणि कड गोल होते. नळीवर कंपनीचा ठिपका किंवा अक्षर असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून भोवती काम करावे. खूण घासली गेली की किंमतही गेली. कपड्याच्या ब्लीचमध्ये बुडवण्याची युक्तीही चालते. पिवळेपणा निघतो खरा, पण अंगावर बारीक खड्डे राहतात आणि घासायचे काम वाढते.

घासून झाल्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पुसट हात फिरवून कोरड्या कापडाने पुसावे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते खवट आणि चिकट होते. कार्नोबा मेणाने चमक छान येते, परंतु तोंडात धरण्याच्या भागावर ते टिकत नाही.

नळी एबोनाइटची की ॲक्रिलिकची, हे अंगठ्याने जोरात चोळून पाहावे. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. ॲक्रिलिक असे पिवळे पडत नाही, पण स्पिरिटने त्याला बारीक तडे जाण्याची भीती असते, म्हणून ते साध्या पाण्यानेच पुसावे.

राहिली बुटाच्या काळ्या पॉलिशची गोष्ट. काहीजण पिवळ्या नळीवर ते चोपडून माल खपवतात. दुकानात नळी चमकते, परंतु ही वस्तू तोंडात जाणारी आहे! पॉलिश ओठांवर उतरते, खालचा पिवळेपणा आठवड्यात वर येतो आणि गिऱ्हाईक पाइप घेऊन परत दारात उभे राहते. घासायला वेळ नसेल तर नळी आहे तशी दाखवावी आणि त्या हिशेबाने भाव सांगावा. घासून घेणारे शौकीन पुष्कळ आहेत.