गुडघ्याची गोळी आणि बीपीची गोळी

बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा. पुष्कळ पाकिटांवर दोन नावं सापडतील : टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम. पहिलं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, दुसरं लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकतं. घेणाऱ्याच्या लेखी मात्र ती एकच गोळी. गुडघा दुखला की तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक आणतो आणि नकळत तिसरं औषध पोटात जातं.

या तिघांची गाठ पडते मूत्रपिंडात. तिथल्या गाळणीत रक्त एका सूक्ष्म वाहिनीतून येतं, दुसरीतून बाहेर पडतं. गाळण्यासाठी आत दाब लागतो. शरीरातलं पाणी घटलं की प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं येणारी वाहिनी रुंद ठेवतात आणि अँजिओटेन्सिन जाणारी वाहिनी आवळून धरतं. म्हणून दाब टिकतो. आता लघवीचं औषध पाणी कमी करतं, टेल्मिसार्टन ती आवळ सोडवतं, आणि वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. दाब टिकवण्याचे मार्गच बंद झाले, की गाळण मंदावतं, रक्तातलं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वाढतं.

वेदनाशामकाचा गुण आणि दोष एकाच मुळाशी आहेत. ही औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सूज उतरते ती याच कारणाने, आणि पोटाच्या अस्तराचं संरक्षण जातं तेही याच कारणाने.

ब्रिटनमधल्या बीपीच्या ४ लाख ८७ हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. या तिन्ही प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळलं; पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. 'दोन-चार दिवसच तर घ्यायची आहे' हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. वैशाखातलं ऊन, जुलाब, उलट्या असताना तर अधिकच.

हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांची अडचण वेगळी. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेटमधल्या विकरावर कायमची बसते. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाने ती जागा आधीच अडवली, तर अ‍ॅस्पिरिनला तिथे शिरता येत नाही आणि गुठळीपासूनचं संरक्षण कमी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली सांगितलं, की आयब्युप्रोफेन साध्या अ‍ॅस्पिरिननंतर किमान ३० मिनिटांनी किंवा तिच्या ८ तासांहून अधिक आधी घ्यावं. पण आपल्याकडे हृदयासाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. त्यांना हा हिशेब लागू नाही. डॉक्टरांनाच विचारायला हवं.

रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत वेदनाशामक घेतलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. वेदनाशामकामुळे लिथियम व मेथोट्रेक्सेट या औषधांचं रक्तातलं प्रमाणही चढू शकतं.

बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का, ते आधी विचारा. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, मलमं आणि आयुर्वेदिक औषधंसुद्धा. लघवी कमी झाली किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.