प्रवासातले फोटो दाखवायचेत? आधी हे करा

चऱ्होलीत आम्ही काही कॅमेरावेडे महिन्यातून एकदा जमतो आणि प्रोजेक्टरवर एकमेकांचे फोटो पाहतो. कुणी स्पिती फिरून आलेलं असतं, कुणी सकाळीच वाघेश्वराच्या टेकडीवरून इंद्रायणीवरचं धुकं टिपलेलं असतं. मला दोन्ही तितकेच प्रिय.

फोटो एकमेकांना दाखवण्याची ही हौस आपल्याकडे फार जुनी आहे. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तिच्या आश्रयाने 1856 ते 1858 या काळात हौशी छायाचित्रकारांचा मासिक अल्बम निघाला. त्यात छापील चित्रं नव्हती, खरेखुरे फोटो चिकटवलेले असत!

आता कामाचं. फुल एचडी प्रोजेक्टर 1920 × 1080, म्हणजे जेमतेम 2 मेगापिक्सेल दाखवतो. तुमचा कॅमेरा 24 चा असला तरी पडद्यावर तेवढंच. म्हणून फोटो घरूनच त्या मापात लहान करून आणा आणि एसआरजीबी या कलर स्पेसमध्ये सेव्ह करा. अडोबी आरजीबीतले रंग प्रोजेक्टरवर बहुधा फिके पडतात. गडद सावल्याही थोड्या उजळून घ्या, पडद्यावर त्या गिळल्या जातात. उभा फोटो पडद्याचा जेमतेम तिसरा भाग व्यापतो, म्हणून आडवे जास्त निवडा.

आणि दोनशे नको, पंधराच आणा. निवडताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. पण पंधरा फोटोंवर आम्ही तासभर बोलतो, उजेड कुठून आला, किती वेळ थांबलात, सगळं विचारतो.