चिंतनपर निवेदनाचे लेखन : बालशिक्षिकेच्या व्यावसायिक संचिकेचा गाभा

प्रस्तावना

शिक्षकाने आपल्या कामाविषयी लिहावे, ही अपेक्षा नवी नाही. पाठटाचण, निरीक्षणवही, अनुभवलेखन हे प्रकार अध्यापक विद्यालयांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. त्यांतील बरेचसे लेखन मागील वर्षीच्या वहीवरून उतरविले जाते, हेही प्राध्यापकवर्गास अपरिचित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचविण्यात आला आहे. अशा अभ्यासक्रमांत संचिकालेखनास स्थान द्यावयाचे झाल्यास ते कसे असावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या दृष्टीने अमेरिकेतील ‘चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट’ (सी.डी.ए.) या प्रमाणपत्रासाठीच्या चिंतनपर निवेदनांचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

प्रमाणपत्राची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९६५ मध्ये ‘हेड स्टार्ट’ हा वंचित बालकांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला आणि बालकांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज तीव्रतेने जाणवू लागली. पदवी नसलेल्या, परंतु प्रत्यक्ष कामात कुशल असलेल्या व्यक्तींच्या क्षमतेस मान्यता मिळावी, या हेतूने १९७१ मध्ये सी.डी.ए.ची योजना आकारास आली. पहिली प्रमाणपत्रे १९७५ मध्ये दिली गेली. १९८५ मध्ये स्थापन झालेली, आज ‘काउन्सिल फॉर प्रोफेशनल रेकग्निशन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था हे प्रमाणपत्र देते.

२०१३ मध्ये मूल्यांकनाची पद्धती बदलण्यात आली. त्यानुसार उमेदवारास १२० तासांचे औपचारिक प्रशिक्षण व ४८० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक ठरला. याखेरीज लेखी परीक्षा, पालकांच्या प्रश्नावल्या, तज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट आणि व्यावसायिक संचिका हे मूल्यांकनाचे घटक होत. संचिकेत आहारतक्ता, साप्ताहिक नियोजन, नऊ अध्ययन-अनुभव, निरीक्षणाचा नमुना इत्यादी साधनसंग्रह असतो. त्यास जोडून सहा क्षमता-मानकांवरील सहा चिंतनपर निवेदने आणि एक शिक्षणविषयक भूमिका लिहावयाची असते. प्रत्येक निवेदनास ५०० शब्दांची मर्यादा आहे.

चिंतन म्हणजे काय?

जॉन ड्यूई यांनी ‘हाउ वी थिंक’ (१९१०) या ग्रंथात चिंतनाची मांडणी केली. एखादी समजूत कोणत्या आधारावर उभी आहे आणि तिच्यातून काय निष्पन्न होते, याचा जाणीवपूर्वक व सातत्याने केलेला विचार म्हणजे चिंतन, असा तिचा आशय आहे. डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) मध्ये कृती करीत असतानाचे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. संचिकेतील निवेदन हे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात मोडते. वर्गात क्षणार्धात घेतलेल्या निर्णयामागे कोणता विचार होता, हे शिक्षिका नंतर शांतपणे तपासते व शब्दांत मांडते.

यावरून निवेदन काय नाही, हेही स्पष्ट होते. ते कामाचा अहवाल नाही, कारण अहवालात ‘काय केले’ एवढेच येते. तो सिद्धान्तावरील निबंधही नाही, कारण निबंधात ‘काय करावे’ एवढेच येते. श्रद्धा, कृती आणि पुरावा या तिहींची सांगड जेथे घातली जाते, तेथेच चिंतनपर लेखन घडते.

निवेदनांतील प्रश्नांचे स्वरूप

सहा मानके पुढीलप्रमाणे आहेत : सुरक्षित व आरोग्यदायी वातावरण, शारीरिक व बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास व सकारात्मक वळण, कुटुंबाशी सहकार्य, कार्यक्रमाचे नियोजनबद्ध संचालन, आणि व्यावसायिक बांधिलकी. प्रत्येक निवेदनाच्या आरंभी आपले काम त्या मानकाची पूर्तता कशी करते हे सांगावयाचे असते. त्यानंतर नेमून दिलेल्या मुद्द्यांवर किमान एकेक परिच्छेद अपेक्षित असतो.

या मुद्द्यांची शब्दयोजना मार्मिक आहे. आहारतक्ता वा वर्गरचना उमेदवाराने स्वतः केली नसेल, तर तिची बलस्थाने कोणती आणि तिच्यात कोणता बदल करावासा वाटतो, असे विचारले जाते. बालसंगोपन केंद्रातील सहायिकेस हे निर्णय घेण्याचा अधिकार बहुधा नसतो. येथे मात्र तिच्या मतास व्यावसायिक मताचा दर्जा दिला जातो. पालकांच्या उत्तरांत काही अनपेक्षित आढळले का, असाही प्रश्न आहे. मुलांना वळण लावण्याविषयीची आपली भूमिका, स्वतःस लहानपणी लावलेल्या वळणाशी कितपत मिळतीजुळती वा भिन्न आहे, हे तिसऱ्या मानकात विचारले जाते. धाक आणि धपाटा यांना संगोपनाचा भाग मानणाऱ्या घरात वाढलेली मराठीभाषक स्त्री अमेरिकेत हे प्रमाणपत्र घेऊ पाहत असेल, तर तिच्यासाठी हा प्रश्न औपचारिक राहत नाही. आईवडिलांविषयीचा आदर आणि व्यवसायाने मान्य केलेले तत्त्व यांत तिला स्वतःच वाट काढावी लागते. तयार नमुन्यातील वाक्य येथे कामास येत नाही.

एक उदाहरण

आहारतक्त्यावरील दोन काल्पनिक परिच्छेद पाहिल्यास फरक ध्यानात येईल. पहिला असा : ‘आहार हा बालविकासाचा पाया आहे. आमच्या केंद्रात मुलांना सकस व संतुलित आहार दिला जातो. मी स्वच्छतेकडे विशेष लक्ष देते.’

दुसरा असा : ‘आठवड्याचा तक्ता मी आखलेला नाही. त्यात रोज फळ आहे, हे त्याचे बलस्थान. मात्र अन्न ताटात वाढूनच मुलांपुढे येते. एके दिवशी मी खरबुजाच्या फोडी मध्यभागी ठेवून मुलांना चिमट्याने वाढून घेण्यास सांगितले. एरवी फळाला हात न लावणाऱ्या दोन मुलांनी प्रत्येकी एक फोड घेतली. एका दिवसावरून निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु निवड करू दिल्यास मूल नवी चव घेण्यास धजावते, असे मला वाटते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ही पद्धत ठेवून नोंदी घ्याव्यात, असे मी सुचवीन.’

पहिल्या परिच्छेदातील एकही विधान चुकीचे नाही. तथापि ते कोणत्याही केंद्रास लागू पडते. दुसऱ्यात भाषा साधी असली, तरी निरीक्षण, मर्यादेची जाणीव आणि पुढील कृती आहे. मुलांची नावे न देता प्रसंग सांगितल्याने गोपनीयतेचे पथ्यही पाळले गेले आहे.

मूल्यांकन व मार्गदर्शकाची भूमिका

निवेदने केवळ कागदावर तपासली जात नाहीत. भेटीस येणारी तज्ज्ञ व्यक्ती प्रथम संचिका पाहते, नंतर उमेदवाराचे प्रत्यक्ष काम न्याहाळते आणि अखेरीस तिच्याशी संवाद साधते. या संवादातून उमेदवार पुढील उद्दिष्टे व कृतियोजना ठरविते. प्रमाणपत्राचा निर्णय तज्ज्ञ नव्हे, तर संस्था घेते. उसने लेखन आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील तफावत उघड होण्याची संधी या रचनेतच आहे.

तयार निवेदने आता संगणकाकडूनही क्षणात लिहून मिळतात. त्यामुळे मार्गदर्शक प्राध्यापकाची जबाबदारी वाढली आहे. मसुद्यातील व्याकरण सुधारण्यापूर्वी ‘हे कोणत्या दिवशी घडले?’, ‘तुम्ही असेच का केले?’, ‘पुन्हा प्रसंग आला तर काय कराल?’ हे प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. लेखनाचा सराव नसलेल्या शिक्षिकेस प्रथम तोंडी सांगू द्यावे व तेच तिच्याकडून उतरवून घ्यावे. तिचे शब्द बदलून त्या जागी पाठ्यपुस्तकी परिभाषा घातल्यास निवेदन सुबक होते, परंतु ते तिचे राहत नाही. संस्थेतील त्रुटी दाखविणाऱ्या उत्तरास गुण कमी मिळतील, अशी भीती असल्यास चिंतनाचा मार्गच खुंटतो.

समारोप

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात परिसरातील मुलांकडे पाहून पद्धती बदलण्याची वृत्ती होती. अंगणवाडीच्या कल्पनेचा उगम त्याच कामात आहे. त्यामुळे चिंतन ही येथील बालशिक्षणास परकी गोष्ट नाही. उणीव आहे ती सेविकेच्या मतास लेखी स्थान देण्याची. सी.डी.ए.चा आराखडा जसाच्या तसा उचलण्याची आवश्यकता नाही. ‘तुम्ही काय बदलाल?’ हा त्यातील एक प्रश्न मात्र घेण्याजोगा आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर लिहिण्याची मुभा असेल, तरच संचिका ही आणखी एक उतरवून काढलेली वही ठरणार नाही.