नळीच्या भरवशावर

पांढऱ्या उंदराचं हृदय शरीराबाहेर काढल्यावरही काही तास धडधडत ठेवता येतं. महाधमनीत बारीक नळी बसवायची आणि क्षार, ग्लुकोज व ऑक्सिजन असलेला 37 अंश सेल्सिअसचा द्रव उलट्या दिशेने सोडायचा. ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी 1895 मध्ये जर्मनीत मांडलेली ही पद्धत औषध संशोधनात आजही वापरली जाते. द्रव पुरवण्याचं काम अनेक प्रयोगशाळांत पेरिस्टाल्टिक पंप करतो.

त्याची रचना साधी आहे. फिरत्या चाकावरचे रोलर लवचीक नळी दाबत पुढे सरकतात. अन्ननलिकेतून घास सरकावा तसा द्रव पुढे जातो. मागे नळी पुन्हा फुगते आणि नवा द्रव ओढून घेते. द्रवाचा स्पर्श फक्त नळीला होतो, झडपा किंवा पिस्टनला नाही. म्हणूनच हा पंप रक्तालाही चालला. मायकेल डिबेकी यांनी 1934 मध्ये रक्त देण्यासाठी असा रोलर पंप पुढे आणला. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधारे पहिली यशस्वी हृदय शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या मशीनमध्येही रोलर पंपच होते.

संशोधनात खरी कसोटी अचूकतेची असते. उंदराच्या हृदयाला मिनिटाला साधारण 10 मिलिलिटर द्रव लागतो. प्रवाह कायम ठेवून औषध सोडलं आणि दाब उतरला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या सैलावल्या असा अर्थ निघतो. पण रोलरखाली सतत चेपून नळीच थकली, पूर्वीइतकी फुगेनाशी झाली, तर प्रवाह घटतो आणि दाब तसाही उतरतो. पडद्यावर चाकाचे फेरे मात्र तेच दिसतात. श्रेय औषधाला जातं, करणी नळीची असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रयोगाआधी आणि नंतर मिनिटभर द्रव भांड्यात धरायचा आणि वजन करायचं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. नळीचं साहित्यही पारखून घ्यावं लागतं. सिलिकॉन मऊ असतं, पण त्यातून ऑक्सिजन निसटतो आणि तेलात विरघळणारी काही औषधं त्यात शोषली जातात. मग हृदयापर्यंत पोहोचणारी मात्रा बाटलीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा कमी भरते. प्रत्येक रोलर सुटताना प्रवाहाला बसणारा हिसका कमी करायला रोलर वाढवतात, किंवा वाटेत हवेची छोटी कुपी ठेवतात.

नळी कधी बदलली आणि वजन किती भरलं, या नोंदी निष्कर्षाइतक्याच काळजीने ठेवायला हव्यात. त्यांच्याविना औषधाचा गुण सिद्ध झाला असं म्हणता येत नाही.